रक्तातले तीन आकडे आणि यकृतातली चरबी

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ही चरबी दुखत नाही. यकृताच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत, आणि बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग सगळे काम ओढून नेतो. भूक, झोप, पचन नेहमीसारखे असतानाच काहींच्या यकृतात पेशी सुजू लागतात, मरतात आणि त्यांच्या जागी चिवट तंतू भरतात. डॉक्टर याला फायब्रोसिस म्हणतात. तंतू यकृतभर पसरून गाठी बनल्या की तो सिरोसिस. पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ ही लक्षणे दिसतात ती बहुधा तेव्हा. चरबीपासून इथपर्यंत यायला साधारणपणे दशके लागतात, आणि चरबी असलेल्या बहुतेकांच्या बाबतीत हा टप्पा येतही नाही. ज्या थोड्यांच्या बाबतीत तो येणार आहे त्यांना आधीच हेरणे, हाच लवकर निदानाचा खरा हेतू आहे.

दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी 2022 मध्ये देशभरातील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रौढांत फॅटी लिव्हरचे प्रमाण सुमारे 38 टक्के निघाले. हा शहरी, सुखवस्तू, जाड माणसांचा आजार असल्याची समजूत मात्र अजून टिकून आहे. बंगालच्या ग्रामीण भागातील 2010 चा एक अभ्यास तिला छेद देतो. तिथे ज्यांच्या यकृतात चरबी सापडली त्यांच्यापैकी तब्बल 75 टक्के लोकांचा बीएमआय 25 पेक्षा कमी होता. याची उकल पुण्यात आधीच झाली होती. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2004 मध्ये दोघांचे फोटो आकड्यांसह छापले. भारतीय शरीर वरून सडपातळ दिसले तरी पोटाच्या आत चरबी धरून ठेवते, ती अशी.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यासारख्या तालुक्यात ही बाब फार महत्त्वाची ठरते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) सास्ती परिसरातील कोळसा खाणींत पाळीने काम करणारे, शेजारच्या कोरपना तालुक्यातील सिमेंट कारखान्यांतले कामगार, कापूस-सोयाबीनचे शेतकरी, बाजारपेठेतले दुकानदार, यांपैकी कितीतरी जण वजनकाट्यावर अगदी ठाकठीक भरतात. काट्यापेक्षा इथे मोजपट्टी अधिक खरे सांगते. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटीमीटरच्या वर गेली, शिवाय मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेली ट्रायग्लिसराइड्स असतील, तर यकृताकडे पाहायलाच हवे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तिशीपुढच्या माणसांसाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात कंबरेचे माप असतेच. पहिली चाळणी गावातच, दारातच होऊ शकते.

दुसरी चाळणी रक्ताची. यकृताच्या पेशीला इजा झाली की तिच्यातली विकरे रक्तात झिरपतात. त्यांतली दोन अहवालावर एसजीपीटी आणि एसजीओटी या नावांनी येतात. नव्या अहवालांत त्यांनाच एएलटी आणि एएसटी म्हणतात. रक्तात ती मोजण्याची पद्धत 1950 च्या दशकाच्या मध्यावर रुळली आणि आज तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत ही चाचणी होते. पण या आकड्यांवर ठेवला जातो तेवढा विश्वास योग्य नाही. अहवालात एसजीपीटीची वरची मर्यादा 40 च्या आसपास छापलेली असते. निरोगी यकृताच्या पुरुषात मात्र हा आकडा साधारण 33 च्या आत आणि स्त्रीत 25 च्या आत असतो, असे यकृततज्ज्ञांचे मत आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की फॅटी लिव्हर असलेल्या अनेकांची एसजीपीटी पूर्णपणे मर्यादेत असते. फायब्रोसिस वाढत गेला की ती कधी कधी उतरतेसुद्धा, आणि ‘लिव्हर सुधारले’ असा उलटा अर्थ लावला जातो.

म्हणून आकडे सुटे न वाचता एकत्र वाचायचे. 2006 मध्ये मांडलेले फिब-4 हे सूत्र त्यासाठी जगभर वापरले जाते. वयाला एसजीओटीने गुणायचे. प्लेटलेटच्या संख्येला (हजारांत) एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणायचे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. प्लेटलेटचा यकृताशी संबंध थेट आहे. यकृत कडक होऊ लागले की त्यातून जाणारे रक्त अडते, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार करायला सांगणारे संप्रेरक मुख्यतः यकृतातच बनते, तेही घटते.

एक उदाहरण पाहावे. वय 58, एसजीओटी 38, एसजीपीटी 36, प्लेटलेट दीड लाख. अहवालात यांतल्या एकाही आकड्याखाली लाल रेघ येणार नाही. पण 58 गुणिले 38 म्हणजे 2204, 150 गुणिले 6 म्हणजे 900, भागाकार 2.45. फिब-4 जर 1.3 च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिस नसण्याची खात्री मोठी असते. 2.67 च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे जावे. मधल्या पट्ट्यात असेल तर पुढची तपासणी हवी, आणि वरचा माणूस त्या पट्ट्याच्या पार वरच्या टोकाला उभा आहे. त्याच्या खिशातल्या कागदावर धोका लिहिलेला होता. कोणी गुणाकार केला नाही, एवढेच. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होणारा हा हिशेब प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या अहवालाखाली छापला जायला हवा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, की रक्ताचा एक जादा थेंबही.

सूत्राच्या मर्यादा आहेत. ते चरबी मोजत नाही, तंतूंचा अंदाज देते. पस्तिशीच्या आत ते भरवशाचे नाही, आणि पासष्टीनंतर वयामुळेच आकडा फुगतो म्हणून खालची मर्यादा 2 धरतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात यांत आणखी काही गोष्टींची भर पडते, आणि परदेशी पुस्तकात त्या ठळकपणे सापडणार नाहीत.

पहिली गोष्ट तापाची. मलेरियाचे ओझे राज्यात सर्वाधिक वाहणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली वर्षानुवर्षे आहे, आणि पावसाळ्यात डेंग्यूही असतो. दोन्ही तापांत प्लेटलेट कोसळतात, विकरे वाढतात. वय 48, एसजीओटी 52, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट 1.8 लाख असताना फिब-4 येतो 1.73. इतर आकडे तेच ठेवून तापात प्लेटलेट 90 हजारांवर आल्या की तोच 3.47 होतो. यकृतातले तंतू मात्र वाढलेले नसतात. ताप उतरून काही आठवडे गेल्यावरच हा हिशेब करावा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भाच्या या भागात आदिवासी आणि इतरही समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी सतत फुटतात आणि त्यांच्यातून एसजीओटी बाहेर पडते, म्हणजे तो वाढलेला आकडा यकृताचा असेलच असे नाही. बिलिरुबिनही त्याच कारणाने वाढते. प्लीहा मोठी असेल तर प्लेटलेट कमी दिसतात, ती आक्रसून गेली असेल तर जास्त. आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए1सी चाचणी एसएस रुग्णात खोटी कमी येते, त्यामुळे मधुमेहही नजरेआड राहू शकतो. अशा रुग्णात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी, आणि यकृतासाठी फिब-4 वर न विसंबता थेट यकृताचा कडकपणा मोजावा. एएस म्हणजे केवळ वाहक असलेल्यांना ही अडचण सहसा येत नाही. सिकलसेल नसला तरी, दूरच्या आरोग्य केंद्रावरून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नमुन्यातल्या पेशी फुटल्या तरी एसजीओटी अशीच वाढते. तो नमुना पुन्हा घेणेच योग्य.

तिसरी गोष्ट दारूची. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. मोहाची दारू या सगळ्या काळात होतीच. बंदीच्या मुलखात ‘किती पिता?’ या प्रश्नाला मोकळे उत्तर मिळणे कठीण, तेव्हा रक्त काही खुणा देते. एसजीओटी ही एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असेल, जीजीटी हे आणखी एक विकर वाढलेले असेल, तांबड्या पेशींचा आकार मोठा असेल, तर दारूचा संशय घ्यावा. दारू आणि पोटाची चरबी एकाच माणसात असतील तर यकृताची हानी झपाट्याने होते. हिपॅटायटिस बी आणि सी नाहीत हेही एकदा तपासून घ्यावे.

सीके-18, प्रो-सी3, ईएलएफ अशा नव्या चाचण्याही निघाल्या आहेत, पण त्या महाग आहेत. तालुक्याच्या पातळीवर आज त्यांचा उपयोग नाही, आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही.

सोनोग्राफीत चरबी दिसते, पण ती साधारण वीस-तीस टक्क्यांवर गेल्यावर. सुरुवातीचा फायब्रोसिस तिला कळत नाही. मधल्या पट्ट्यातल्या रुग्णाला लागते ती फायब्रोस्कॅन ही तपासणी. बरगड्यांवर हलका ठोका देऊन लहर यकृतातून किती वेगाने जाते ते यंत्र मोजते; त्यात सुई नाही, दुखणे नाही. कडकपणा 8 किलोपास्कलच्या खाली आला तर मोठी चिंता नसते. प्रत्येकाला यासाठी चंद्रपूर किंवा नागपूरला पाठवणे शक्य नाही. कोणाला पाठवायचे हे फिब-4 ठरवते, आणि ज्याची रोजी बुडते त्या माणसासाठी ही निवड फार मोलाची आहे.

निदानानंतरचा उपाय सर्वांना ठाऊक असलेलाच आहे. त्याचे माप मात्र ठाऊक नसते. वजन पाच टक्क्यांनी घटले की यकृतातली चरबी उतरते, सात ते दहा टक्क्यांनी घटले की सूज ओसरते, आणि दहा टक्क्यांपुढे तंतूही विरघळू लागतात. सडपातळ रुग्णाला तीन ते पाच टक्के घटही पुरते. शीतपेये आणि गोड चहा कमी करणे, ताटातला भात घटवून डाळ-भाजी वाढवणे, दारू पूर्ण थांबवणे, रोज घाम येईल असे चालणे. मधुमेह असेल तर औषध निवडताना यकृताचाही विचार करायला डॉक्टरांना सांगावे. फिब-4 जर 1.3 च्या खाली असेल तर मधुमेहींनी तो वर्ष-दोन वर्षांनी आणि इतरांनी दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढावा. जुने अहवाल फेकू नयेत, कारण एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने सरकतो आहे, यावरून डॉक्टरांना अधिक कळते.