दीड डॉलरचा हॉट डॉग आणि भिंतीवरची मूल्यं

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी कॉस्टकोत घेऊन जातंच. बासमतीचं पोतं, बदामांची भली मोठी पिशवी, दोन गॅलन दूध आणि गरज नसताना घेतलेला तंबू, एवढं गाडीत भरून आपण घरी येतो. तिथल्या फूड कोर्टवर मिळणाऱ्या हॉट डॉगकडे आपलं फारसं लक्ष नसतं. तो बीफचा असतो, त्यामुळे आपल्यातले बरेच जण खात नाहीत, मीही नाही. तरी गेले काही आठवडे माझ्या डोक्यात तो हॉट डॉगच घोळतोय.

कारण असं की, माझे दोन मित्र स्वतःची कंपनी काढतायत. छोट्या डेंटल क्लिनिकसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. व्हिसामुळे मी अजून नोकरीतच आहे, पण शनिवारच्या चर्चेला मलाही बोलावतात. चहा-पोहे मिळतात, मी जातो. मध्यंतरी एकाने 'आपली मूल्यं' असं एक पान लिहून आणलं. सचोटी, पारदर्शकता, ग्राहक सर्वप्रथम, माणसांचा आदर, उत्कृष्टतेचा ध्यास. दुसऱ्याने वाचलं, "मस्त आहे रे" म्हणाला आणि विषय संपला. मला मात्र ही यादी ओळखीची वाटली. एन्रॉन! आपल्या दाभोळमुळे हे नाव मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही त्या कंपनीची अधिकृत मूल्यं होती. डिसेंबर २००१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि निवृत्तीसाठी साठवलेली पुंजीही.

इतकं लांब कशाला जायचं? मी पूर्वी ज्या कंपनीत होतो, तिच्या लॉबीत हातभर उंचीच्या अक्षरांत 'आधी माणसं' या अर्थाचं वाक्य होतं. एका सोमवारी सकाळी माझ्या टीममधल्या नागपूरच्या मित्राचा लॅपटॉप उघडेना. त्याला वाटलं पासवर्ड बदलायचा राहिला. अर्ध्या तासाने वैयक्तिक ईमेलवर पत्र आलं. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हातात साठ दिवस असतात. तेवढ्यात नवी कंपनी मिळवायची, व्हिसाचा काही दुसरा मार्ग शोधायचा, नाहीतर घराचं भाडेपत्र, गाडीचे हप्ते, मुलीची शाळा सगळं आवरून निघायचं. त्याला बावन्नाव्या दिवशी दुसऱ्या राज्यात कमी पगारावर काम मिळालं. त्याच्या मॅनेजरला वाईट वाटलं होतं, हे मी पाहिलंय. पण मॅनेजरने करायला हवं असं काही त्या भिंतीवरच्या वाक्यात नव्हतंच.

आमच्या भाषेत सांगायचं तर ती कोडमधली कॉमेंट होती. कॉमेंट म्हणजे माणसांनी वाचायची टीप. मशीन ती वगळून पुढे जातं. याउलट प्रोग्रॅममध्ये अट घातली आणि ती मोडली, तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, मग कितीही घाई असो. कंपनीच्या मूल्यांचंही असंच असेल का, हे शोधता शोधता मी कॉस्टकोपाशी पोहोचलो.

या कंपनीचं मूळ सॉल प्राइस नावाच्या सॅन डिएगोच्या वकिलात आहे. १९५४ मध्ये त्यांनी फेडमार्ट हे दुकान काढलं. तिथे गाद्या उतरवून घेण्याच्या कामाला एक कॉलेजचा पोरगा आला, जिम सिनेगल. पुढे फेडमार्ट विकलं गेलं, नव्या मालकाने प्राइस यांनाच घरी बसवलं. तेव्हा १९७६ मध्ये त्यांनी विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' सुरू केला: वार्षिक वर्गणी भरा आणि घाऊक भावात माल न्या. वकील जसा अशिलाच्या हिताला बांधलेला असतो, तसा दुकानदार गिऱ्हाइकाच्या हिताला बांधलेला असतो, असं प्राइस मानत. सिनेगल यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्याबरोबर १९८३ मध्ये सिअॅटलला कॉस्टको काढलं आणि १९९३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. "प्राइस यांच्याकडून बरंच शिकला असाल," असं कुणी म्हटलं, तर "बरंच नाही, सगळंच," असं सिनेगल सांगत.

त्यांनी या तत्त्वाचा आकडा केला. कॉस्टकोत बहुतेक वस्तूंवर साधारण १४ टक्क्यांपेक्षा जास्त नफा लावायचा नाही. किर्कलंड या त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर १५. खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला एखादा माल अगदी स्वस्तात मिळाला, बाजारात तो दुप्पट भावाने खपतोय, तरी त्याने किंमत वाढवायची नाही. त्याला इथे विवेकबुद्धी वापरायची गरजच ठेवलेली नाही. हे परवडतं कसं? वर्गणीमुळे. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीला वर्गणीतून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले आणि निव्वळ नफा होता सुमारे ७.४ अब्ज. म्हणजे मालावर थोडं कमवायचं, आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाने पुन्हा वर्गणी भरावी एवढा त्याचा विश्वास राखायचा. किंमत वाढवण्याचा मोह झाला, तर धंद्याचा पायाच हलतो.

आणि तो हॉट डॉग. सोडा ड्रिंकसकट दीड डॉलर, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून. महागाई धरली तर आज तो चार डॉलरच्या वर जायला हवा. सिनेगल यांच्यानंतर सीईओ झालेले क्रेग जेलिनेक यांनी एकदा एक किस्सा सांगितला होता. या भावात परवडत नाही, असं ते सिनेगल यांना म्हणाले. त्यावर सिनेगल म्हणाले, भाव वाढवलास तर जीव घेईन तुझा, काहीतरी मार्ग काढ! मग कंपनीने हॉट डॉगचा स्वतःचा कारखाना काढला. भाव हलणार नाही हे एकदा पक्कं झाल्यावर डोकं खर्च करायला दुसरी जागाच उरली नव्हती.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही तेच. २००९ मध्ये मंदी ऐन भरात होती, सगळीकडे पगार गोठलेले, तेव्हा कॉस्टकोने तासाचा दर तीन वर्षांत मिळून दीड डॉलरने वाढवला. (दीड डॉलरचं या लोकांना काय आहे कोण जाणे.) २०२५ मध्ये तिथे नव्या माणसाची सुरुवात तासाला २० डॉलरने होऊ लागली आणि जुन्याजाणत्या कर्मचाऱ्यांचा कमाल दर ३० डॉलरच्या पुढे गेला. वॉल स्ट्रीटवाले यावरून वर्षानुवर्षं कुरकुर करत आलेत. पण अमेरिका-कॅनडात तिथे वर्षभर टिकलेल्या माणसांपैकी दर वर्षी दहातले नऊहून जास्त टिकून राहतात. नवी माणसं शोधणं, शिकवणं, त्यांच्या चुका निस्तरणं, हा सगळा खर्च वाचतो. सध्याचे सीईओ रॉन वॅक्रिस १९८२ मध्ये प्राइस क्लबात फोर्कलिफ्ट चालवायला लागले होते. शिवाय वर्षातले सात मोठे सण इथली दुकानं चक्क बंद असतात. दुपारी एक ते चार बंदची परंपरा असलेल्या पुण्यातून आलेल्या मला याचं कौतुक जरा कमीच वाटलं, ते सोडा.

कॉस्टको काही रामराज्य नाही. स्वस्त चिकनसाठी कोंबड्या कशा वाढवल्या जातात यावर टीका होते. २०२३ च्या अखेरीला व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथल्या कर्मचाऱ्यांनी युनियनच्या बाजूने मतदान केलं. एवढा चांगला पगार असताना? हो, असतानाही. पण त्यानंतर जेलिनेक आणि वॅक्रिस यांनी कर्मचाऱ्यांना जे पत्र लिहिलं ते मला महत्त्वाचं वाटतं. आम्ही तुमच्यावर नाराज नाही, स्वतःवर नाराज आहोत; लोकांना युनियन हवीशी वाटली याचा अर्थ व्यवस्थापक म्हणून आम्ही कुठेतरी कमी पडलो, असा त्याचा आशय होता. हाच निकाल लागल्यावर इथल्या बहुतेक कंपन्या आधी वकिलाला फोन करतात.

हे सगळं मी पुढच्या शनिवारी मित्रांना सांगितलं. म्हटलं, ते पाच शब्द राहू द्या, पण प्रत्येकापुढे एक आकडा लिहा. तो पाळताना आपल्याला कुठे चिमटा बसेल, ते कळू दे. ग्राहक सर्वप्रथम? मग क्लिनिकला आपलं सॉफ्टवेअर सोडायचं असेल, तर त्यांचा सगळा डेटा किती दिवसांत आणि किती पैशांत परत देणार? पहिलं उत्तर आलं, "बघू तेव्हा." तासभर वाद घालून ठरलं: सात दिवस, फुकट. धंद्याच्या दृष्टीने हे वेडेपणाचं आहे, असं एकाचं अजूनही मत आहे. त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही. ग्राहक अडकवून ठेवणं हा आमच्या क्षेत्रातला जुना आणि चांगला चालणारा धंदा आहे.

खरी अडचण झाली 'माणसांचा आदर' या ओळीपाशी. मी नागपूरच्या मित्राची गोष्ट काढली. म्हटलं, कुणाला काढायची वेळ आलीच, तर तीन महिन्यांचा पगार आणि त्याआधी समोर बसून बोलणं, एवढं आत्ताच लिहून टाका. दोघांनी मान डोलावली. चांगल्या गोष्टीला आपण मान डोलावतोच. तेवढ्यात आतून वहिनी बाहेर आल्या. त्या अकाउंटंट आहेत, कंपनीचा हिशेब त्याच बघणार आहेत. म्हणाल्या, "भाऊजी, बोलायला ठीक आहे. पण ज्या दिवशी माणूस काढायची वेळ येईल, त्या दिवशी बँकेत पैसे नसतातच. मग हे तीन महिने देणार कुठून?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. वहिनींनी लॅपटॉप ओढला आणि अर्ध्या तासात गणित मांडलं. प्रत्येक माणसामागे तीन महिन्यांचा पगार पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. असं केलं तर हातातल्या पैशांत पहिल्या वर्षी दोन इंजिनिअर घेता येत नाहीत, एकच येतो. आणि मार्चमध्ये आणायचं ठरलेलं सॉफ्टवेअर ऑगस्टवर जातं.

पोहे थंड झाले होते. मित्राने 'मूल्यं'चं ते पान उघडून मार्च खोडलं, ऑगस्ट लिहिलं. दुसरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ऑगस्ट नको, सप्टेंबर लिही. ऑगस्टमध्ये तू भारतात जाणार आहेस."