तारखेशिवायचा तुकडा

पाकिटातलं एटीएम कार्ड काढून तळहातावर ठेवा. साधारण तेवढाच, पपायरसचा एक फाटका तुकडा इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत आहे. दोन्ही बाजूंना ग्रीकमध्ये सात-सात ओळी, त्यातली एकही पूर्ण नाही. अभ्यासक त्याला ‘पी ५२’ म्हणतात. बायबलच्या नव्या कराराचं सर्वांत जुनं हस्तलिखित म्हणून तो अनेक ठिकाणी भेटतो, आणि सोबत सालही दिलेलं असतं : इ. स. १२५.

आता गंमत ऐका. या तुकड्यावर तारीखच नाही!

मग १२५ आलं कुठून? बर्नार्ड ग्रेनफेल यांनी १९२० मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या पपायरसमध्ये हा तुकडा होता. पुढे सी. एच. रॉबर्ट्स यांनी त्यावरचा मजकूर ओळखला : योहानाचं शुभवर्तमान, अठरावा अध्याय, पिलातासमोरची येशूची चौकशी. १९३५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि काळ सांगितला, दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध.

आधार होता अक्षराचा. त्या काळच्या काही अर्जांवर, करारांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. त्यांच्या अक्षराशी तुकड्याचं अक्षर ताडून बघायचं. पद्धत चांगलीच आहे, पण तिला मर्यादा आहे. तुमच्या आजीचंच बघा ना. शाळेत लागलेलं अक्षराचं वळण आजही तिच्या किराणा मालाच्या यादीत दिसतं. मग नुसती यादी बघून साल सांगाल? म्हणूनच ब्रेंट नाँगब्री यांनी २००५ मध्ये दाखवलं, की हे अक्षर दुसऱ्या शतकाच्या अखेरचं किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचंही असू शकतं.

कार्बन चाचणी का करत नाहीत? एक तर त्यासाठी नमुना जाळावा लागतो. वर ती पपायरसचं वय सांगते, शाई कधी लागली ते नाही. आणि तिथेही उत्तर येतं ते ‘या सालापासून त्या सालापर्यंत’ असंच.

घाई केली की काय होतं, तेही बघा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहीर वादविवादात डॅनियल वॉलेस यांनी सांगितलं, की मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडलाय. चर्चा तर होणारच! २०१८ मध्ये तो प्रत्यक्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा संपादकांनी काळ दिला दुसऱ्या शतकाची अखेर ते तिसऱ्याची सुरुवात. वॉलेस यांनी जाहीर माफी मागितली.

यात कुणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही, कुणाची सिद्धही होत नाही. प्रश्न आहे तो आपल्या सवयीचा. बातमीत शब्द कमी करायचे असले की पहिला बळी जातो ‘सुमारे’चा. मीही तो कापलाय, मथळा बसत नव्हता म्हणून. पण ‘सुमारे’ गेला की अंदाजाची तारीख होते, आणि तारीख झाली की ती फॉरवर्ड होते.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर ‘जगातलं सर्वांत जुनं’ असं काही आलं, की एवढंच विचारा : त्यावर साल लिहिलेलं होतं, की कुणी ठरवलं?