मूळव्याध समजून अंगावर काढू नका

पनवेल लोकलच्या डब्यात उभे राहिले की एक कागद हटकून नजरेसमोर येतो. मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन खात्रीचा इलाज. खाली फोन नंबर. वर्षानुवर्षे तो वाचून आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला आहे की शौचावाटे रक्त पडले म्हणजे मूळव्याधच.

बहुतेक वेळा तो हिशेब बरोबरही असतो. पण काही वेळा ते रक्त मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचे असते. हा म्हातारपणाचा आजार, अशी आपली समजूत आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी या आजाराच्या ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. पाश्चात्य देशांत हेच वय साठीच्या पुढे असते. आपला देशच तरुणांचा, हे त्याला एक कारण आहे. शिवाय एकूण लोकसंख्येच्या मानाने हा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पन्नाशीच्या आत तो वाढतो आहे, असे अनेक देशांत दिसून आले आहे. अमेरिकेत तर तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणण्याची शिफारस २०२१ मध्ये झाली. त्याच देशातील कृष्णवर्णीय नट चॅडविक बोसमन या आजाराने २०२० मध्ये गेला, तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता.

तरुणांत तो का वाढतो, याचे एकच कारण सापडलेले नाही. मात्र धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी ठाऊक आहेत, त्या आपल्या घरात शिरल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून किती तरी कुटुंबे मुंबईकडे आली. गावी त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकी, तांदुळजा, अंबाडी असे. गरिबीचे अन्न म्हणून आपण ते मागे टाकले. आज त्यांचा नातू रबाळे किंवा महापे येथे पाळीवर जाताना वडापाव खातो, सुटल्यावर गाडीवरचे चायनीज खातो आणि वर थंड पेयाची बाटली रिचवतो. मैद्यात चोथा जवळजवळ नसतोच. चोथा असला की मळ लवकर पुढे सरकतो. आतड्यातील उपयुक्त जंतू त्याच चोथ्यावर जगतात आणि आतड्याच्या अस्तराला पोषक असे द्रव्य तयार करतात. तुर्भ्याच्या बाजारात धान्य-कडधान्याचे ट्रकच्या ट्रक उतरतात आणि शेजारच्या वस्तीतले पोर बिस्किटावर दिवस काढते, हे चित्र काही बरे नव्हे.

मांसाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखे खारवलेले, धुरावलेले, टिकवलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. बकऱ्याचे, म्हशीचे लाल मांस बहुधा कर्करोगकारक, असे त्याच संस्थेने म्हटले आहे. याचा उपयोग करून कोणी आपल्या ताटाला नावे ठेवायला आला, तर त्याला दाराबाहेरच थांबवावे. प्रश्न प्रमाणाचा आहे. शिजवलेले लाल मांस आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत असावे, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्या आज्यांच्या चान्याही मीठ लावून वाळवलेल्याच होत्या. पण त्या रोज मिळत नसत आणि मिळाल्या तरी सोबत भाकरीची चळत असे. मासळी व कोंबडी या यादीत येत नाही.

दारूचा संबंध सिद्ध झाला आहे आणि देशी-विदेशीने फरक पडत नाही. आपण दर पौर्णिमेला विहारात पाचवे शील घेतो आणि शनिवारी रात्री विसरतो, यावर अधिक लिहीत नाही. बिडी-सिगारेट, सुटलेले पोट आणि दिवसभरची बैठी नोकरी यांनीही धोका वाढतो. रात्रपाळीबद्दलही संशय आहे. पण ती कामगाराच्या हातात नसते, म्हणून तिचा दोष त्याच्या माथी मारू नये.

हे सगळे सांभाळूनही आजार होऊ शकतो, म्हणून लक्षणांकडे लक्ष हवे. लाल किंवा काळपट रक्त, शौचाच्या सवयीत तीन-चार आठवडे टिकलेला बदल, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना, पेन्सिलीसारखा बारीक मळ, कारणाविना घटलेले वजन. सार्वजनिक संडासात दिवा नसतो, तिथे रक्त दिसणार कसे? म्हणून थकवा आणि रक्त कमी होणे हीदेखील खूण समजा. पुरुषाचे रक्त कमी भरले तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये. बाईचे कमी भरले की पाळीवर ढकलून मोकळे होतात, तिथेही एकदा पोटाविषयी विचारावे.

लाज हा यातला मोठा अडसर आहे. सून सासूला सांगत नाही, मुलगा आईला सांगत नाही. मग सहा महिने मलम आणि चूर्ण चालते. अस्तरावर उगवलेल्या लहान गाठीचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. ती गाठ दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, तिथल्या तिथे काढता येते. कर्करोग झालाच, पण आतड्यापुरता असताना सापडला, तर अमेरिकेतील नोंदींनुसार दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूर पसरल्यावर मात्र फार थोडे वाचतात.

वाशीच्या महापालिका रुग्णालयात किंवा कामगार विम्याचे कार्ड असल्यास ईएसआयच्या दवाखान्यात आधी दाखवा. डॉक्टरांनी बोटाने तपासले नाही तर तुम्ही म्हणा, "साहेब, एकदा तपासून बघा." गुदाशयाची गाठ पुष्कळदा बोटालाच लागते. टाटा मेमोरियलचे खारघर सेक्टर २२ मधील केंद्र तर आपल्या दारातच आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, तेव्हा जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर ते कोणत्या वयात झाले तेही डॉक्टरांना सांगा. त्या वयाच्या दहा वर्षे आधी किंवा चाळिशीत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा आपली तपासणी सुरू करायची असते.