रात्री अकरा वाजून अकरा मिनिटांनी

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीच्या बाजारात पारावर टेकलेले आजोबा चंची सोडतात. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्यानं मळणं, दोन टाळ्या, भुकटी उडते. शेजाऱ्यापुढे हात होतो, "घ्या." पाहणाऱ्याला वाटावं, ही चाल ज्ञानोबांच्याही आधीची असेल. तशी ती नाही.

अमेरिकेत युटा राज्याच्या वाळवंटात 12,300 वर्षांपूर्वीची एक चूल सापडली. तिच्यात बदकांची हाडं होती आणि रानटी तंबाखूच्या जळक्या बिया. किती? चार. तंबाखूचं बी खसखशीहून बारीक, एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर मावतं. म्हणजे पुराव्याचं वजन ग्रॅमच्या अडीच हजाराव्या भागाहूनही कमी! त्या चुलीभोवतीचे शिकारी पानं चघळत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. 2021 साली हा शोध जाहीर झाला. तोवर सर्वांत जुना पुरावा होता अलाबामातल्या एका चिलमीतल्या निकोटीनचा, सुमारे 3,300 वर्षांपूर्वीचा. चार बियांनी इतिहास 9,000 वर्षं मागे नेला.

ही 12,300 वर्षं एका दिवसात बसवून बघा. मध्यरात्री बाराला ती चूल पेटली. मोहेंजोदडो उभं राहिलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रात्री आठच्या आत अजिंठ्याची पहिली लेणी कोरली गेली. साडेदहा उलटल्यावर, 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तोवर आपल्याकडे तंबाखूचं पानही नव्हतं. अकराला दोन मिनिटं कमी असताना कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला. पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून हे पान आपल्या किनाऱ्याला लागलं. 1604च्या सुमारास दरबारी असद बेग विजापूरहून तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन अकबरापुढे गेला. बादशहानं झुरके घेतले, हकिमानं हरकत घेतली. घड्याळात अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती. त्यानंतर अर्धं मिनिट जातं न जातं तोच, 1608 साली, याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी नारायण ठोसर जन्मले, पुढचे समर्थ रामदास.

म्हणजे अकबराच्या त्या झुरक्यांपासून मोजली, तर आपल्याकडची तंबाखू सारी मिळून एकोणपन्नास मिनिटांची. एवढ्यात ती कुठवर पोचली? 2016-17च्या सर्वेक्षणात देशातले 26.7 कोटी प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. 2011च्या महाराष्ट्राची लोकसंख्या दुप्पट केली तरी हा आकडा गाठत नाही. तंबाखूपायी देशात वर्षाला सुमारे 13 लाख माणसं जातात. 2011च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात साडेएकोणीस लाख माणसं होती. या वेगानं अख्खा जिल्हा दीड वर्षात रिकामा होईल. माझा जीव या एका हिशेबापाशी अडकतो.

ज्यांच्या चंचीत आजही पुडी आहे, त्यांना हात जोडून सांगणं: सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.