फोर्कलिफ्टची चावी फिरविण्यापूर्वी

पूर्वी जो माल हमालांच्या पाठीवरून चढत-उतरत असे, तो आता फोर्कलिफ्टच्या काट्यांवरून जातो. भिवंडीची गोदामे असोत, न्हावाशेवाची यार्डे असोत की तळोज्याचे कारखाने, हे मशीन सगळीकडे पोहोचले आहे. मशीन खरेदी करताना आमचे व्यापारी किंमत विचारतात, डिझेलचा खर्च विचारतात, जुने असेल तर किती तास चालले तेही विचारतात. सकाळी ते तपासणार कोण, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात.

मोटार चालविता येते म्हणून फोर्कलिफ्ट चालविता येईल, हा समज आम्हांस सर्वांत घातक वाटतो. तीन टन उचलणाऱ्या डिझेल मशीनचे स्वतःचे वजन चार टनांहून अधिक असते. त्याची मागची चाके वळतात, त्यामुळे वळताना शेपूट बाहेर फेकली जाते आणि बाजूला उभा असलेला हेल्पर रॅक व मशीन यांच्यामध्ये सापडतो. चाके चार दिसली तरी मशीनचा तोल तीन टेकूंवर असतो: पुढची दोन चाके आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधली पिन. या त्रिकोणाबाहेर वजन गेले की मशीन उलटलेच म्हणून समजावे. काटे वर उचलून वेगात वळणे म्हणजे हेच संकट ओढवून घेणे होय. म्हणून माल असो वा नसो, चालताना काटे जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर आणि मास्ट किंचित मागे कललेला असावा.

आता वजनाचा हिशेब पाहू. अंगावर ‘३ टन’ लिहिले म्हणजे कोणताही तीन टनांचा माल उचलता येतो असे नाही. साधारणपणे हा आकडा मालाचा मध्यबिंदू काट्याच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असताना खरा असतो. पेटी १.६ मीटर लांब असेल तर मध्यबिंदू ८०० मिलिमीटरवर जातो आणि ताकद सहाशे-सातशे किलोंनी तरी घटते. नेमका आकडा मशीनवरच्या क्षमतेच्या पाटीवर असतो. ही पाटी अनेक ठिकाणी रंगाखाली गेलेली असते. रंगवणाऱ्याला ती वाचायची नसते ना! मागचे चाक उचलू लागले म्हणून वजनासाठी मागे दोन माणसे उभी करणे हा प्रकार तर तत्काळ बंद झाला पाहिजे.

तपासणीला दहा मिनिटे पुरतात. प्रथम मशीन बंद असतानाच फेरी मारावी: टायर, चाकांचे नट, खाली सांडलेले तेल, काट्यांची पिन. काटा जिथे वळतो त्या कोपऱ्यावर झीज आधी होते. ४५ मिलिमीटर जाडीचा काटा साडेचाळीसवर आला, म्हणजे दहा टक्के झिजला, की त्याची ताकद वीस टक्क्यांच्या आसपास कमी होते; असा काटा बदलावाच, वेल्डिंग करून वापरू नये. मास्टच्या दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या हव्यात, पण त्यांना बोट लावून पाहू नये. हायड्रॉलिक होज गळत असल्याची शंका आली तर पुठ्ठा धरून पाहावे, हात नव्हे. बारीक छिद्रातून दाबाने निघणारे तेल कातडीत घुसते आणि वरून जखम क्षुल्लक दिसली तरी वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमवावे लागते. मग मशीन चालू करून ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न आणि दिवे.

दोष सापडला तर पुढे काय, हाच खरा प्रश्न. “शेठ, ब्रेक हलका लागतोय,” असे ऑपरेटरने म्हणावे आणि “दोन गाड्या उभ्या आहेत, संध्याकाळी बघू,” असे उत्तर मिळावे, हे आमच्या गोदामांत नवीन नाही. तक्रार वहीत लिहिली आणि चावी मालकाच्या हाती दिली, तर जबाबदारी कोणाची हे स्पष्ट राहते. दोन गाड्यांचे थांबण्याचे भाडे मालकाला परवडते. चिरडलेल्या पायाचा खर्च परवडत नाही.

चढावर भरलेला माल नेहमी चढाच्या दिशेने ठेवावा, म्हणजे उतरताना रिव्हर्स यावे. मालामुळे पुढचे दिसत नसेल तरीही रिव्हर्सच चालवावे. बंद गोदामात डिझेल मशीनचा धूर साचू देऊ नये. साध्या पॅलेटवर माणूस उभा करून त्याला वर चढवू नये, मग बल्ब बदलायचा का असेना.

इतके करूनही मशीन उलटू लागलेच तर उडी मारू नये. उडी मारणारा बहुधा वरच्या लोखंडी छताखालीच सापडतो. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि मशीन ज्या बाजूला पडत आहे त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवावे. हे ऑपरेटरला नोकरीवर घेतानाच सांगावे लागते. त्या क्षणी सांगायला वेळ नसतो.