काळे लंगोट, लाल डोळे

माझ्या आईची एक तक्रार आमच्या घरात चाळीसहून अधिक वर्षे नांदते आहे. मी तान्हा असताना माझे लंगोट धुतले की काळे पडत. साबण लावावा तितके अधिकच काळे. तिने साबण बदलला, विहिरीचे पाणी सोडून नळाचे घेतले, आमच्या आत्याने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण लंगोट काही पांढरे होईनात. पुढे मी मोठा झालो आणि गोष्ट मागे पडली. दिवाळी अंकात असला विषय काढावा की काढू नये, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु माझ्या डोळ्यांची सारी कथा त्या लंगोटांपासूनच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

मी राजगुरुनगरला मराठी शिकवतो. जुनी माणसे अजून गावाला खेडच म्हणतात. अडतिसाव्या वर्षी माझी पाठ धरली, मागोमाग गुडघे. फळ्यापाशी उभे राहून तास घेणे जड जाऊ लागले. पुण्याच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मग माझे निळसर कान पाहिले, मग डोळ्यांच्या पांढऱ्या भागातले करडे ठिपके पाहिले आणि एकदम विचारले, "लहानपणी यांचे कपडे काळे पडायचे का हो?" शेजारी बसलेली आई खुर्चीतून जवळजवळ उठलीच!

रोगाचे नाव अल्काप्टोनुरिया. शब्दाची चिरफाड करण्याची आम्हा भाषाशिक्षकांना खोड असते. 'अल्कली' मूळचा अरबी. त्याला जोडलेले क्रियापद ग्रीक, अर्थ 'अधाशीपणे गिळणे'. अल्कलीत पडताच प्राणवायू गटागटा ओढून काळा होणारा पदार्थ, म्हणून बोडेकर नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १८५९ साली हे नाव ठेवले. आणि साबण म्हणजे अल्कलीच की! आई बिचारी जितके घासत होती, तितका काळा रंग स्वतःच्या हाताने चढवीत होती.

आपण खातो त्या प्रथिनांतून टायरोसिन नावाचे एक द्रव्य निघते. शरीर ते पायरीपायरीने मोडते आणि प्रत्येक पायरीवर एकेक एन्झाइम कामाला असते. माझ्या शरीरात एका पायरीवरचे एन्झाइम जन्मतःच कामावर नाही. त्यामुळे होमोजेंटिसिक नावाचे आम्ल साचते. पुष्कळसे लघवीवाटे जाते, उरलेले वर्षानुवर्षे सांध्यांच्या कूर्चेत मुरून तिला काळी आणि ठिसूळ करते. साधारण अडीच लाखांत एकाच्या वाट्याला हे येते. असल्या घरांतले आईबाप पुष्कळदा एकमेकांची भावंडे लागतात, हे लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड यांच्या १९०२ सालच्या निबंधात आहे. माझे आईवडील आते-मामे भावंडे. आपल्या देशात या रोगाची बरीच घरे तामिळनाडूतल्या नारिकुरवर या भटक्या जमातीत सापडली. त्यांची बोली मात्र तमिळच्या कुळातली नव्हे, आपल्या मराठी-गुजरातीच्या कुळातली! पण ते राहू द्या.

आता औषध. आमच्या कॉलेजच्या आवारात बॉटलब्रशचे झाड आहे. बाटल्या धुण्याच्या ब्रशासारखी लालभडक फुले येतात ते. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका संशोधकाच्या ध्यानात आले, की या झाडाखाली तण फारसे उगवत नाही. त्या झाडातल्या द्रव्यावरून पुढे कृत्रिम तणनाशके बनवली गेली. त्यांतलेच एक निटिसिनोन. विषारी आहे का ते पाहण्यासाठी प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना दिले, तर त्यांचे डोळे गढूळ झाले. लहान जातीच्या उंदरांना काहीच नाही. हे कसे, म्हणून शोध घेतला तेव्हा उलगडा झाला: हे रसायन टायरोसिन मोडण्याच्या दुसऱ्या पायरीवरच दार लावते, टायरोसिन रक्तात तुंबते आणि डोळ्यात उतरते. म्हणजे डोळ्यांचा हा उपद्रव औषधाला मागाहून चिकटलेला नाही. त्या उपद्रवामुळेच तर औषधाचा गुण कळला. १९९१ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला डॉ. लिंडस्टेट यांनी ते टायरोसिनेमिया या यकृत नासवणाऱ्या रोगाच्या बालकाला दिले आणि तणनाशकाचे जीवनदान झाले. माझ्या रोगासाठी युरोपने २०२० साली मान्यता दिली. माझा काळा पदार्थ ज्या पायरीवर तयार होतो, तिच्या आधीच दार बंद!

किंमत मात्र राजेरजवाड्यांची. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने देशी बनावटीच्या कॅप्सूल जाहीर केल्या. टायरोसिनेमियाच्या मुलाचा वर्षाचा खर्च सुमारे सव्वादोन कोटींवरून अडीच लाखांवर येईल, असे तेव्हा सांगितले गेले. त्यानंतरच आमच्या घरात या औषधाचा विषय निघू शकला.

रोज दहा मिलिग्रॅम सुरू झाले. महिन्याभरात लघवी काळी पडायची थांबली. आईने देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या महिन्यात उजव्या डोळ्यात खडा गेल्यासारखे वाटू लागले. मग दोन्ही डोळे लाल. पाणी थांबेना, उजेड सोसेना. एका संध्याकाळी पुण्याहून परतताना चाकणच्या चौकात गाडी तुंबली आणि समोरच्या ट्रकांचे दिवे सुयांसारखे टोचले. मी रुमालाने डोळे झाकून खेडपर्यंत आलो. जवळच्या एका नेत्रवैद्यांनी बुबुळावर फांद्यांसारखी रेघ पाहिली आणि नागिणीच्या जातीच्या विषाणूचे थेंब दिले. त्यांना दोष कसा देऊ? ती रेघ दिसते तशीच, आणि मीही कॅप्सूलचे नाव सांगितले नव्हते. सांध्यांच्या औषधाचा डोळ्यांशी काय संबंध, असे मला वाटले. थेंबांनी काही होईना, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितले, "कॅप्सूल आजपासून बंद." टायरोसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्याचे स्फटिक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात बसले होते. तीन आठवड्यांत डोळे निवळले. आणि लघवी पुन्हा काळी!

ते तीन आठवडे मी एक पान वाचू शकलो नाही. बायको उत्तरपत्रिका वाचून दाखवी, मी गुण सांगे. पाठ की डोळे, असा प्रश्न माझ्या धंद्याच्या माणसाला पडू नये.

डॉक्टरांनी मधली वाट काढली. रोज दोन मिलिग्रॅम, ठरावीक मुदतीने रक्तातल्या टायरोसिनची आणि डोळ्यांची तपासणी, आणि जेवणातली प्रथिने मोजूनमापून. टायरोसिन हे नावच ग्रीकमधल्या चीजच्या शब्दावरून आले आहे, तेव्हा पनीर पहिल्यांदा गेले. मागोमाग अंडी, उसळी, दाट वरण. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत म्हणून मी हरखलो, तर बायको म्हणाली, "अहो, पण खिचडीत दाण्याचे कूट नाही घालायचे." कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी! ती गळ्याखाली कशी उतरते ते खाणाऱ्यालाच ठाऊक.

यंदाच्या फराळाची वाटणी झाली आहे. बेसनाचा लाडू नाही. चिवडा आहे, पण दाणे आणि डाळे वेचून. ओल्या नारळाच्या करंज्या दोन. चकलीच्या भाजणीत डाळी, म्हणून तीही बाद. काल रात्री आई डब्याचे झाकण उघडून चकलीचा एक वेढा मोडून माझ्या हातावर ठेवीत होती, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरात आली. तिने चकलीकडे पाहिले, आईकडे पाहिले, मग टॉर्च आणून माझे दोन्ही डोळे तपासले.

"एवढा खा," ती म्हणाली. "तपासणी सोमवारी आहे."