खरखरीत लोकरीचा मान

रेक्याविक, फेब्रुवारीअखेर

इथे आता सकाळी पावणेनऊला उजाडतं आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत दिसतं. लोणंदच्या, म्हणजे माझ्या गावच्या, माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. पण ज्यांनी डिसेंबरात चार तासांचा दिवस काढला आहे, ती माणसं रोज वाढणारी सहा-सात मिनिटं मोजत असतात. आइसलँडच्या जुन्या पंचांगातला थोर्री महिना संपला आणि गोआ लागला. आपल्या माघ-फाल्गुनासारखीच ही जोडी. गोआचा पहिला दिवस रविवारी येतो आणि तो बायकांचा दिवस मानतात. त्या दिवशी घरोघरी पुरुष बायकांसाठी फुलं आणतात. थंडी मात्र अजून गेलेली नाही. वारा असा की छत्री उघडायचा विचारही कुणी करत नाही.

हेच दिवस इथे विणकामाचे. गुरुवारी संध्याकाळी मी पिशवीत सुया आणि लोकरीचे गुंडे घालून वस्तीतल्या वाचनालयात जाते. इथे त्याला प्र्योनाकाफी म्हणतात, म्हणजे विणता विणता कॉफी. गुरुवार हा लोणंदच्या बाजाराचा दिवस. इतकी वर्षं झाली, तरी गुरुवार म्हटलं की मला शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारातला कलकलाट आणि कांद्याच्या ट्रकांची रांग आठवते. इथल्या गुरुवारी दहा-बारा बायका, दोन-तीन पुरुष आणि एखादी शाळकरी मुलगी एका लांब टेबलाभोवती बसलेली असतात. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. या देशात आडनावाची रीत फारशी नाही, बापाच्या किंवा आईच्या नावापुढे 'चा मुलगा', 'ची मुलगी' लावतात, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांनाही लोक नावानेच बोलावतात. आमच्या टेबलावर ऐंशी ओलांडलेल्या एक बाई आहेत, त्यांना मात्र सगळे अम्मा म्हणतात. इथल्या भाषेत अम्मा म्हणजे आजी.

एका गुरुवारी अम्मांनी विचारलं, "तुमच्याकडे मेंढ्या असतात का?" मी म्हटलं, असतात, आणि त्यातल्या एका जातीला माझ्या गावाचं नाव आहे. दख्खनी मेंढीचे जे प्रकार पशुतज्ज्ञ मानतात, त्यात संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी यांच्या बरोबरीने लोणंदही आहे. त्यांना खरं वाटेना. मग पुढच्या खेपेला मी आजोबांची घोंगडी घेऊन गेले. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेत त्यांनी ती घेतली होती. काळी, कडेला पांढरी रेघ, आणि अंगाला टोचणारी. लग्न होऊन इथे येताना आईने ती माझ्या बॅगेत कोंबली, तेव्हा मी नको म्हणत होते.

अम्मांनी घोंगडी टेबलावर पसरली. तळहात उलटा करून तिच्यावरून फिरवला. मग काठातला एक केस हलकेच ओढून काढला, उजेडाकडे धरला, दोन बोटांत फिरवला आणि म्हणाल्या, "ही तर सगळी तोग आहे." टेबलावरचे सगळे हात थांबले. घोंगडी हातोहात फिरली. "टोचते," असं कुणीही म्हणालं नाही.

तोग म्हणजे काय, हे सांगितलं की हा देश निम्मा कळतो. आइसलँडची मेंढी नवव्या शतकात पहिल्या वसाहतवाल्यांबरोबर बोटीतून आली आणि तेव्हापासून जवळपास तशीच राहिली. मध्ये 1933 साली बाहेरून काराकुल मेंढ्या आणल्या गेल्या, त्यांच्याबरोबर रोग आले, कळपच्या कळप कापावे लागले. परदेशी मेंढीबद्दलची धास्ती इथल्या शेतकऱ्याच्या मनात अजून आहे. या मेंढीच्या अंगावर दोन थर असतात. बाहेरचा लांब, राठ, पाणी निथळून टाकणारा तो तोग आणि आतला मऊ, ऊब धरणारा तो थेल. पूर्वी बायका हे दोन थर हाताने वेगळे करत. थेलचे आतले कपडे आणि तलम शाली व्हायच्या, तोगचे दोर आणि दणकट कापड. पुढे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, दोन्ही थर एकत्र पिंजून, पीळ न देता नुसता पेळूच विणायची पद्धत रुळली. हा पेळू म्हणजे लोपी, आणि त्याचा स्वेटर तो लोपापेइसा. गळ्याभोवती गोलाकार नक्षी, खाली साधी वीण, कुठेही शिवण नाही. ही नक्षी 1950 च्या सुमाराला रूढ झाली. नोबेल मिळालेले लेखक हाल्डोर लाक्सनेस यांच्या पत्नी औदुर यांना तिचं श्रेय अनेक जण देतात. पण मला विचाराल तर असं काम एका हातचं नसतं.

पीळ नसलेला पेळू विणायचा म्हणजे हात हलका हवा. जरा ओढला की तुटतो. पहिल्यांदा माझा तुटला तेव्हा मी गाठ मारायला गेले, तर अम्मांनी माझा हात धरला. त्यांनी दोन्ही टोकं उकलून पिसासारखी केली, एकावर एक ठेवली, तळहातावर थुंकी लावली आणि दोन्ही हातांत घेऊन खसाखसा चोळली. क्षणात टोकं एकजीव झाली. कुठे जोड आहे ते मला शोधूनही सापडलं नाही. लोकरीला ऊब, ओल आणि घासणं मिळालं की तिचे केस एकमेकांत अडकतात, हे त्यामागचं कारण. आमच्या आळीतली धनगराची आजी चरख्यावर सूत तुटलं की अगदी असंच करायची. मी ते लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि त्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

लोक विचारतील की, जिथे जमिनीतल्या गरम पाण्यावर घरं तापतात, जवळपास सगळ्या घरांना ही सोय आहे, तिथे हाताने स्वेटर विणायची गरज काय? त्याचं उत्तर इथल्या जुन्या रात्रींत आहे. गवताच्या ढेपांनी शाकारलेल्या घरात बादस्तोफा नावाची एकच उबदार खोली असायची. हिवाळ्याच्या संध्याकाळी सगळं घर तिथे जमायचं. कुणी लोकर पिंजतंय, कुणी काततंय, कुणी विणतंय, आणि एक जण दिव्याजवळ बसून जुन्या सागा मोठ्याने वाचतोय. पुरुषही विणायचे, मुलंही. विणलेले मोजे व्यापाऱ्याला देऊन धान्य आणायचे. त्याच्याही आधी हातमागाचं लोकरी कापड इथे चलन म्हणून चालायचं, कर आणि दंड त्यात मोजायचे. घरातली ती बैठक संपून किती काळ लोटला, पण तिचा एक धागा टिकला आहे. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत इथल्या सरकारी रेडिओवर रात्री एकेक स्तोत्र वाचतात. हाल्ग्रिमुर पेत्युर्सोन या धर्मोपदेशकाची ही पन्नास स्तोत्रं 1666 साली छापली गेली. गावातल्या टेकडीवरचं सगळ्यात उंच चर्च त्याच्याच नावाचं आहे. अम्मा रोज रात्री रेडिओ लावतात आणि विणत बसतात. मला ते ऐकताना ज्ञानेश्वरीचं पारायण आठवतं. आमच्या घरी माजघरात वाचन चालायचं आणि बायका वाती वळत, तांदूळ निवडत ऐकायच्या. हातांना काम असलं की कान जास्त नीट ऐकतात, असं आजी म्हणायची. ती बरोबर होती.

याच दिवसांत मुलांचा राखेचा बुधवारही येतो. पूर्वी मुलं कापडाच्या चिमुकल्या थैल्या शिवायची, ओढायची दोरी लावायची आणि वाकवलेल्या टाचणीने कुणाच्याही पाठीला नकळत अडकवून पळायची. थैलीत राख नाहीतर खडे. आपल्या धुळवडीची राख आणि ही राख यांचं नातं काय, ते अभ्यासकांनी सांगावं. मुलं आता सोंगं घेऊन दुकानादुकानांत गाणी म्हणतात आणि खाऊ घेतात. पण थैल्या अजून शिवल्या जातात, कारण शाळेत मुलगा असो की मुलगी, शिवणं आणि विणणं सगळ्यांना शिकावं लागतं. आमच्या वरच्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा मला परवा लिफ्टमध्ये स्वतः विणलेली टोपी दाखवत होता. शाळेत सक्ती असण्यासारख्या गोष्टी थोड्या असतात. ही त्यातली आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

2008 साली इथल्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात बुडाल्या. अनेकांची बचत गेली, नोकऱ्या गेल्या. त्या हिवाळ्यात लोपीचा खप वाढला. हातात पैसा नव्हता, सुया होत्या, आणि लोकर आपल्याच मेंढीची होती. पुढे पर्यटक वाढले, तसा दुकानांत दुसऱ्या देशांत विणून आणलेल्या स्वेटरांचा सुळसुळाट झाला. मग विणणाऱ्यांनी धाव घेतली आणि 2020 साली 'आइसलँडचा लोपापेइसा' या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. लोकर इथल्या मेंढीची आणि नवी हवी, वीण हाताची हवी आणि ती याच देशात घातलेली हवी, तरच ते नाव लावता येतं. विणणाऱ्यांचा संघ त्याहून जुना आहे, 1977 चा. चर्चकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. आणि लोकर धुऊन, पिंजून लोपी करणारी जी मुख्य कंपनी 1991 साली उभी राहिली, तिचे बहुतेक समभाग मेंढपाळांच्या हातात आहेत. लोकरीची प्रतवारी होते आणि प्रतीप्रमाणे पैसे मेंढपाळाला मिळतात.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. दुकानात हातचा स्वेटर चांगल्या किमतीला जातो, पण विणणारीच्या हातात पडणारे पैसे तासांनी भागले तर इथल्या साध्या मजुरीलाही पुरत नाहीत. टेबलावरच्या बायका हे उघड बोलतात. त्या विणतात ती आवड म्हणून, आणि नातवंडांसाठी म्हणून.

आता लोणंदकडे येते. मेंढी आमच्याकडे वर्षातून दोनदा कातरतात. लोकर पिंजायची आणि कातायची ती धनगरणींनी, विणायची सनगरांनी, ही जुनी वाटणी. म्हसवडला लहानपणी एका सनगराच्या घरात मी खड्ड्याचा माग पाहिला आहे. माणूस खड्ड्यात पाय सोडून बसलेला, हातात धोटा, आणि अंगणात ताण्यावर चिंचोक्याची खळ कुंच्याने सारवत असलेली त्याची बायको. खळीमुळे नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते आणि अंगावर वापरूनच ती मऊ होते. तिच्यात पाणी लवकर शिरत नाही. पावसात खोळ करून डोक्यावर घेतली की मेंढरामागे दिवसभर उभं राहता येतं. अम्मा ज्याला तोग म्हणाल्या, त्याचाच हा गुण. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते तेव्हा कितीतरी वारकऱ्यांच्या खांद्यावर घोंगडी दिसायची. आता प्लास्टिकचा कागद दिसतो.

दख्खनी मेंढीची लोकर बारीक व्हावी म्हणून मेरिनो आणि रॅम्बुलेच्या नरांशी संकर करून पाहिले गेले. तिची लोकर खरखरीत, म्हणजे तिच्यात काहीतरी कमी आहे, असं धरून ते चाललं. इथे येऊन मला कळलं की प्रश्नच उलटा विचारला गेला. या लोकांनी आपल्या राठ लोकरीला शोभेल अशी वस्तू घडवली, तिला नाव दिलं आणि त्या नावाची राखण केली. आमच्याकडे वस्तू शेकडो वर्षांपूर्वीच घडलेली होती. काळ्या रंगालाही रंगारी लागत नव्हता. आम्ही पानिपतची ब्लँकेटं आणि सिंथेटिक लोकरीचे स्वेटर घेतले आणि घोंगडी माळ्यावर टाकली. त्यात माझंही घर आलं.

अम्मांनी माझ्याकडे दोन किलो लोणंदी लोकर मागितली आहे. त्यांना ती लोपीत मिसळून पाहायची आहे. मी भावाला फोन केला. तो आमच्या ओळखीच्या मेंढपाळाच्या वाड्यावर जाऊन आला. मागच्या कातरणीची लोकर बांधावर टाकली होती, पावसात कुजली, असं कळलं. कातरणाऱ्याची मजुरीही त्या लोकरीतून सुटत नाही, मग ती साठवायची कुणासाठी, असं त्या मामांनी विचारलं. भावाकडे उत्तर नव्हतं.

पुढची कातरण होळीनंतर आहे. लोणंद, फलटण, माण, खटाव भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे की, या खेपेला ती लोकर बांधावर जाऊ देऊ नका. म्हसवडला किंवा तुमच्या जवळच्या गावात अजून माग चालवणारा सनगर असेल, त्याला घोंगडी सांगा, आणि भाव करू नका.